पॉम्पेईसारखी भिंत हवी असेल, तर आधी खोली पाहा, मग कथा निवडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नव्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलामागची अकरा फूट रुंद भिंत तुम्हाला पॉम्पेईच्या, म्हणजे इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या, घरांसारखी लाल करून घ्यायची आहे आणि तिच्यावर ग्रीक-रोमन पुराणातली एखादी कथा हवी आहे. २०१८ मध्ये उत्खननात सापडलेलं 'लेडा आणि हंस' हे चित्र तुमच्या मनात भरलं आहे. ते भिंतभर मोठं करून रंगवता येईल का, लाल नेमका कोणता घ्यावा, आणि भिंतीला जिप्समचं प्लास्टर असताना खरं फ्रेस्को, म्हणजे ओल्या चुन्यावरचं चित्र, करता येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी भित्तिचित्रं रंगवते. चुन्याच्या गिलाव्यावर बरीच वर्षं काम करते आहे आणि रोमन धाटणीच्या भिंती हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण 'कोणतं चित्र काढू या?' इथूनच सुरुवात करतात. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. रोमन भिंतीत चित्र हा सगळ्या मांडणीचा एक छोटा भाग असतो. ती मांडणी सोडून नुसतं चित्र उचललं, तर कितीही सुबक रंगवलं तरी भिंत रोमन वाटत नाही, पोस्टर लावल्यासारखी वाटते.

हा समज तुमचा एकटीचा नाही. त्याला इतिहास आहे. पॉम्पेईजवळच्या, तशाच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये. नेपल्सच्या बूर्बाँ राजाच्या माणसांनी भिंतींमधली कथाचित्रं चौकोनी कापून काढली आणि पोर्तिचीच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात नेऊन ठेवली. उरलेली भिंत, म्हणजे तिचे रंगीत पट्टे, बारीक खांब, वेली, मुखवटे, जागेवरच राहिलं आणि पुष्कळसं नष्ट झालं. १७५७ पासून या चित्रांचे कोरीव छापे ग्रंथरूपाने निघू लागले. त्या छाप्यांवरून युरोपभरच्या सजावटकारांनी नर्तकी, कामदेवाची बाळं, देवदेवता उचलून आपापल्या दिवाणखान्यांत बसवल्या. आजही नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ही चित्रं सुटी, चौकटीतल्या चित्रांसारखी दिसतात. फोनवर आपल्याला दिसतो तोही असाच कापलेला तुकडा. म्हणून माझी पहिली विनंती: पॉम्पेईच्या अख्ख्या खोल्यांचे फोटो पाहा. वेट्टींचं घर त्यासाठी उत्तम. दीर्घ दुरुस्तीनंतर ते २०२३ च्या सुरुवातीला पुन्हा खुलं झालं आणि तिथली अनेक चित्रं अजून आपापल्या भिंतींवर आहेत.

अख्खी भिंत पाहिली की तिची रचना कळते. खाली गडद रंगाचा पट्टा, साधारण कमरेच्या खाली. तिथे गवताचे झुबके, एखादा पक्षी किंवा संगमरवराचा आभास. मध्ये मोठी रंगीत पटलं, बहुधा तीन किंवा पाच. सर्वांत वर हलका, उजळ पट्टा आणि त्यात हवेत तरंगावी अशी नाजूक वास्तुरचना. मधल्या पटलात रंगवलेले दोन सडपातळ खांब आणि वर छोटं छत, अगदी देव्हाऱ्यासारखं, आणि त्यात आपलं कथाचित्र. बाजूच्या पटलांत बहुतेकदा कथा नसतेच. तिथे एकेकटी तरंगती आकृती असते किंवा तळहाताएवढा देखावा. बाजूची पटलं अशी मोकळी असतात म्हणूनच नजर मधल्या चित्राकडे जाते.

या भिंतींचे चार प्रकार मानतात. आउगुस्ट माऊ या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये ते मांडले. पहिल्यात गिलाव्यातून संगमरवरी दगडांची नक्कल, दुसऱ्यात भिंत उघडून पलीकडची दालनं दिसावीत असा आभास, तिसऱ्यात सपाट रंगपटलं आणि काडीसारखे खांब, आणि चौथ्यात या सगळ्यांचं मिश्रण. तुमच्या मनातली भिंत तिसऱ्या-चौथ्या प्रकारातली आहे. काडीसारख्या खांबांवर आणि देठांतून उगवणाऱ्या अर्ध्या माणसांवर वास्तुशास्त्रकार व्हिट्रूव्हियसने त्या काळीच कडक टीका केली होती: जे अस्तित्वात नाही आणि असू शकत नाही ते भिंतीवर कशाला? मला मात्र त्याच गोष्टींमुळे भिंत हलकी आणि राहण्याजोगी वाटते.

आता कथा. तुम्हाला आवडलेलं लेडाचं चित्र पॉम्पेईच्या व्हेसूव्हियस रस्त्यावरच्या एका घरात, शयनकक्षात सापडलं. स्पार्टाची राणी लेडा, तिच्या मांडीवर हंसाच्या रूपातला देवराज झ्यूस, आणि तिची नजर थेट पाहणाऱ्याकडे. त्याच घराच्या मधल्या चौकात पाण्यात स्वतःला न्याहाळणारा नार्सिसस आहे. माझं मत विचारलंत तर लेडा तुमच्या जेवणाच्या भिंतीवर नको. तो प्रसंग शृंगाराचा आहे आणि त्यात देवाने कपटाने साधलेली जवळीक आहे. एकांतात पाहायचं चित्र रोजच्या जेवणात समोर आलं की काही दिवसांनी घरातलीच माणसं तिकडे बघायचं टाळतात. तुमच्याकडे कोण येतं-जातं, घरात लहान मुलं आहेत का, आई-वडील राहतात का, यावर हे अवलंबून आहे. तो निर्णय तुमचा, पण कथा पूर्ण माहीत करून घेऊन मगच घ्या.

कथा आणि जागा यांचं नातं रोमन लोक किती बारकाईने जुळवत, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ऑक्टेव्हियस क्वार्टिओचं घर. तिथे बागेत पाण्याचा लांब पाट आहे. पाटाच्या टोकाशी उघड्यावर जेवायची जागा आहे आणि तिथल्या कारंज्याच्या एका बाजूला नार्सिसस, दुसऱ्या बाजूला पिरॅमस आणि थिस्बी हे दुर्दैवी प्रेमी. चित्रातला नार्सिसस पाण्यात बघतो आणि त्याच्या शेजारी खरं पाणी वाहतं. पिरॅमसच्या चित्राखाली चित्रकाराने 'हे लूसियसने रंगवलं' अशी सही केली आहे, पॉम्पेईत ही गोष्ट फार दुर्मीळ आहे. सॅलस्टच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरातही असंच. आतल्या छोट्या बागेच्या भिंतीवर, झाडांच्या सोबतीला, डायनाला स्नान करताना पाहणारा आणि तिच्या शापाने हरीण होणारा ॲक्टिऑन होता.

एका खोलीत तीन चित्रं असली की ती एकमेकांशी बोलतात. वेट्टींच्या घरातल्या एका खोलीत बाल हर्क्युलिस साप गळा दाबून मारतो, पेन्थियस राजाला मद्यदेव डायोनायससच्या उन्मत्त स्त्रिया फाडतात आणि डर्सीला बैलाला बांधून शिक्षा होते. वरवर पाहता तीन वेगळ्या गोष्टी, पण तिन्ही थीब्ज नगरीच्या. दुसऱ्या खोलीत देवराणी हेराची हाव धरल्याने चाकाला बांधला जाणारा इक्सियन, लाकडी गाय दाखवणाऱ्या कारागीर डीडलससोबत बैलावर भाळलेली राणी पॅसिफाई, आणि झोपलेल्या अरिआड्नीला शोधणारा डायोनायसस. इथे धागा देव आणि माणूस यांच्यातल्या मर्यादांचा असावा, असं मला वाटतं: दोघांनी ती ओलांडली, तर अरिआड्नीसाठी देव स्वतःच खाली उतरला. घराचे मालक दोघे वेट्टी हे मुक्त झालेले गुलाम होते. पाहुण्यांनी जेवताना अशा चित्रांवर बोलावं, ओळख पटवावी, वाद घालावा, आणि त्यातून यजमानाची विद्वत्ता दिसावी, हेही चित्रांचं काम होतं. तुमची भिंत एकच आहे, त्यामुळे तीन कथांचा मेळ घालावा लागणार नाही. पण बाजूच्या पटलांतल्या आकृती मधल्या कथेच्या जगातल्याच हव्यात. मध्ये डायोनायसस असेल तर बाजूला त्याच्या परिवारातल्या नर्तकी आणि अर्धे बोकड असलेले सॅटर. तिथे मेड्युसाचं मुंडकं केवळ छान दिसतं म्हणून घुसवू नका.

कथेइतकाच महत्त्वाचा तिचा क्षण. पॉम्पेईतल्या डायोस्क्युरींच्या घरातलं, स्वतःच्याच मुलांना मारणाऱ्या मेडीआचं चित्र घ्या. मुलं निवांत खेळताहेत, त्यांचा वृद्ध शिक्षक बघतो आहे आणि बाजूला आई तलवारीवर हात ठेवून उभी आहे. हत्या अजून झालेली नाही. हा विषय टिमॉमॅकस या ग्रीक चित्रकाराने गाजवला होता आणि त्याची मेडीआ आणि एजॅक्सची चित्रं ज्युलियस सीझरने ८० टॅलेंट, म्हणजे प्रचंड रक्कम, देऊन घेतली, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. 'ट्रॅजिक पोएट'च्या घरातल्या चित्रात इफिजेनियाला बळी द्यायला उचलून नेतात आणि तिचा बाप ॲगामेम्नॉन तोंडावर वस्त्र ओढून उभा आहे. बापाचं दुःख दाखवलेलंच नाही, म्हणून ते जास्त जाणवतं. पेन्थियससारखे थेट हिंसेचे अपवाद आहेत, पण मी घरासाठी नेहमी आधीचा किंवा नंतरचा क्षण निवडते. तो रोज पाहिला तरी शिळा होत नाही.

तुमच्या खोलीसाठी माझ्या मनात दोन पर्याय आहेत. पहिला, नॅक्सॉस बेटावर झोपलेली अरिआड्नी आणि तिला पाहून थबकलेला डायोनायसस. तो द्राक्षांचा आणि मेजवानीचा देव असल्याने विषय जेवणाच्या जागेला शोभतो, थीसियसने टाकून दिलेल्या स्त्रीच्या आयुष्याला वळण मिळण्याचा क्षण आहे आणि हिंसा नाही. दुसरा पर्याय मला जास्त पटतो. पॉम्पेईच्या दक्षिणेला मोरेजीने इथे १९५९ मध्ये मोटरमार्गाच्या बांधकामात एक इमारत सापडली. तिच्यात जेवणाची दालनं होती आणि त्यांतल्या एकात लाल भिंतींवर अपोलो आणि त्याच्यासोबतच्या कलादेवता, एकेका पटलात एकेक, जमिनीचा आधार न घेता तरंगताना दाखवल्या आहेत. हातात वीणेसारखं वाद्य, मुखवटा, गुंडाळी. मधलं कथाचित्रच नाही. जेवणाची खोली, लाल भिंत, पुराणातली दैवतं: तुम्हाला हवं ते सगळं यात आहे. शिवाय तीन सुट्या आकृती रंगवणं एका गर्दीच्या प्रसंगापेक्षा सोपं आणि स्वस्त पडतं.

हंस सोडवतच नसेल, तर घरच्यांच्या ओळखीचा हंस घ्या: दमयंतीला नळाचं वर्णन सांगणारा. रोमन घरमालकांनीही आपल्या भिंतींवर शेजारच्या ग्रीकांच्या कथा लावल्या, कारण त्या त्यांच्या पाहुण्यांना ठाऊक होत्या. मांडणी रोमन आणि कथा आपली, असं मी बिनदिक्कत करते. पण मग आकृतीची शैलीही पटलाला साजेशी, मोजक्या रंगांची हवी. कॅलेंडरातलं चित्र तिथे चिकटवू नका.

भिंतभर मोठं करण्याबद्दल: नको. ही चित्रं लहान आकारासाठी रचलेली आहेत. जवळून पाहिलं तर चेहऱ्यावरचा प्रकाश दोन-तीन फटकाऱ्यांत संपतो. ते सहा फुटांवर नेलं की पोकळ दिसतं. माझ्या कामात मधलं चित्र भिंतीच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शापेक्षा क्वचितच मोठं असतं. तुमच्याकडे ते पावणेतीन फुटांच्या आत राहील. खरोखर मोठ्या आकृती हव्या असतील तर त्याचा वेगळा रोमन नमुना आहे, 'व्हिला ऑफ द मिस्टरीज'चं दालन. तिथे जवळजवळ माणसाएवढ्या आकृती लाल पार्श्वभूमीपुढे एका अरुंद कट्ट्यावर उभ्या आहेत आणि खोलीच्या सर्व बाजूंनी फिरतात. २०२५ मध्ये पॉम्पेईत डायोनायससच्या मिरवणुकीचं असंच एक दालन उजेडात आलं. पण त्यासाठी चारही भिंती आणि तयारीचा आकृतिकार लागतो. एका भिंतीवर तो प्रकार अर्धवट दिसेल.

आता लाल. रोमन लोकांचा सर्वांत महाग लाल म्हणजे हिंगूळ. तो स्पेनच्या खाणींतून येई आणि प्लिनीच्या म्हणण्यानुसार कायद्याने त्याची कमाल किंमत पौंडाला ७० सेस्टर्स (रोमन नाणी) ठरवली होती. असे भारी रंग घरमालकाने चित्रकाराला आणून द्यायचे असत. प्लिनीने त्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात हिंगुळासोबत भारतातून जाणारी नीळही आहे. हिंगूळ उन्हात काळा पडतो. फॅबेरियस नावाच्या एका कारकुनाने रोममध्ये आपलं अख्खं अंगण हिंगुळाने रंगवलं आणि तीस दिवसांत ते डागाळून खराब दिसू लागलं, ही हकीकत व्हिट्रूव्हियसने नोंदवली आहे. तुम्ही हिंगूळ वापरूच नका. त्यात पारा असतो आणि जेवणाच्या खोलीत त्याचं काही काम नाही. बहुतेक रोमन भिंतीही साध्या लाल गेरूच्याच आहेत, आणि आपल्याकडे गेरूला तोटा नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पॉम्पेईत आज लाल दिसणाऱ्या काही भिंती मुळात पिवळ्या होत्या. इ.स. ७९ च्या उद्रेकातल्या उष्णतेने पिवळा गेरू लाल झाला. म्हणून फोटोतला लाल हुबेहूब जुळवत बसण्यात अर्थ नाही. दोन-तीन छटांचे हातभर तुकडे भिंतीवर रंगवा आणि तुमच्या दिव्यांत पाहा. पिवळसर उजेडात गेरू खुलतो, पांढऱ्याशुभ्र एलईडीत तो विटेसारखा कोरडा दिसतो.

खोली मुख्यतः रात्रीच वापरात असेल, तर काळ्या रंगाचाही विचार करा. २०२४ मध्ये पॉम्पेईत काळ्या भिंतींचं मेजवानीचं दालन सापडलं, ट्रॉयच्या युद्धकथेतल्या हेलन-पॅरिस आणि कसँड्रा-अपोलो यांच्या चित्रांसह. तेलाच्या दिव्यांची काजळी दिसू नये म्हणून भिंती काळ्या, असं उत्खनन करणाऱ्यांनी सांगितलं. मिणमिणत्या उजेडात अशा काळ्यावर आकृती फार जिवंत दिसतात. अर्थात तुमची खोली लहान आणि अंधारी असेल तर काळा तिला गिळून टाकेल, तेव्हा हे जागा पाहूनच ठरवावं लागतं.

फ्रेस्कोचं उत्तर सरळ आहे: जिप्समवर होत नाही. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवून लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. जिप्सम, पुट्टी किंवा प्लास्टिक पेंटवर ही क्रिया घडणारच नाही. सगळं विटेपर्यंत खरवडून, मुरवलेल्या चुन्याचा आणि वाळूचा गिलावा थरांनी चढवून, वर संगमरवरी पूड घातलेला बारीक थर द्यायचा, हा एक मार्ग आहे. व्हिट्रूव्हियस वाळूचे तीन आणि संगमरवरी पुडीचे तीन थर सांगतो, पण पॉम्पेईतल्याही पुष्कळ भिंती तेवढ्या जाड नाहीत. फ्लॅटमध्ये हे काम धूळ, ओल आणि वेळ या तिन्ही बाबतींत जड जातं. त्यापेक्षा मी असं सुचवीन: भिंत आहे तशी ठेवून तिच्यावर गेरूच्या छटेचा मॅट रंग पातळ हातांनी चढवा आणि आकृतींची पटलं वेगळ्या फळ्यांवर, चुन्याच्या पातळ थरावर रंगवून घेऊन भिंतीत बसवा. ही पळवाट नाही. रोमन घरांतही काही मधली चित्रं लाकडी फळीवर रंगवून भिंतीतल्या खाचेत बसवलेली असत. घर बदललं तर फळ्या तुमच्यासोबत येतील.

त्याआधी ओल तपासा. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल किंवा बाहेरून पावसाचा मारा लागत असेल, तर एक पावसाळा जाऊ द्या. ओलसर भिंतीवर मेणाचा हात मुळीच देऊ नका, ओल आत कोंडते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. चुन्यावर रंगवताना गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग टिकतात. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही.

काम कोणाला द्यायचं? इथे जुना हिशेब आजही लागू पडतो. सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकात भिंत रंगवणाऱ्याला दिवसाला ७५ दिनार आणि आकृती रंगवणाऱ्याला १५० दिनार लिहिले आहेत. म्हणजे ही दोन वेगळी माणसं होती. पॉम्पेईत एका घरात उद्रेकाच्या वेळी काम चालू होतं. वरचा पट्टा पूर्ण, बाजूची पटलं रंगवलेली आणि मधल्या चित्राच्या जागी ताज्या गिलाव्यावर नुसता कच्चा आराखडा, असं ते तसंच थांबलेलं सापडलं. काम वरून खाली सरकतं, म्हणजे ओघळ पुऱ्या झालेल्या भागावर पडत नाहीत. तुम्हीही तसंच करा. पट्टे आणि पटलं नीट सूत मारून, ओळंबा लावून काढणारा चांगला रंगारी शोधा, आणि पैसे वाचवायचे असतील तर आकृतिकाराच्या मानधनात वाचवू नका. कलादेवतेचा हात बिघडला तर कितीही चांगली लाल भिंत तो झाकू शकत नाही.

रंग विकत घेण्याआधी भिंतीवर मास्किंग टेपने पट्टे आणि पटलं आखा आणि तशीच आठवडाभर राहू द्या. टेबलाशी बसून पाहा, कारण रोमन माणूसही या भिंती जेवताना आडवा होऊन, खालच्या नजरेने पाहत असे. खुर्चीची पाठ मधल्या पटलावर येत असेल तर पट्ट्यांची उंची बदला. भिंतीची उंची, खिडकी कोणत्या बाजूला आहे आणि पलीकडे काय आहे, एवढं इथे कळवलंत तर पटलांची मापं मी काढून देईन.